ग्रंथालयाची खोली काढून घेऊ नका, तिथे दोन संगणक ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातील एका माध्यमिक शाळेने या जूनमध्ये ग्रंथालयाची खोली रिकामी करून तिथे जादा तुकडी बसवली आणि पुस्तकांची कपाटे जिन्याखाली एकमेकांना टेकवून उभी केली. चौकशी केल्यावर उत्तर मिळाले, की आता सगळी माहिती मोबाइलवर मिळते, मुले पुस्तके नेतच नाहीत, मग खोली अडवून कशाला ठेवायची? वर्गखोल्या कमी पडतात ही खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इंटरनेट आले म्हणजे शाळेच्या ग्रंथालयाचे काम संपले, हा त्या उत्तरामागचा समज चुकीचा आहे. माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून काम केल्यावर तो का चुकीचा आहे हे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

मी सातारा जिल्ह्यात राहते. याच जिल्ह्यातील वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, 1976 साली पहिला खंड निघाला आणि पुढे 20 खंड झाले. आमच्या शाळेत त्यांपैकी सातच होते आणि संदर्भग्रंथ असल्यामुळे ते घरी देता येत नसत. आज हे सर्व खंड संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. तरीही वाईपासून तासाभराच्या अंतरावरच्या शाळांतील नववी-दहावीच्या मुलांना मी जेव्हा जेव्हा विचारले, तेव्हा हे ठाऊक असलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. नववीतील एका मुलीला परिसरातील वृक्षांवर प्रकल्प करायचा होता आणि तिने पळस निवडला होता. घरात मोबाइल एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा, म्हणून तिने बाजारातील झेरॉक्सच्या दुकानातून चार पानांची ‘माहिती’ विकत आणली होती. ती कुठल्या तरी यंत्राने मराठीत ओतलेली होती; वाक्ये मधेच तुटत होती आणि एका परिच्छेदात तर दुसऱ्याच झाडाचे वर्णन शिरले होते. ती मुलगी ते सर्व सुवाच्य अक्षरांत प्रकल्पवहीत उतरवून घेत होती. मी तिला कार्यालयातील संगणकावर विश्वकोशातील पळसाची नोंद उघडून दिली. झाडाची वेगवेगळ्या भाषांतील नावे, त्याचे शास्त्रीय नाव, कुल, त्यानंतर वर्णन, उपयोग आणि शेवटी नोंद लिहिणाऱ्याचे नाव, हे सगळे पाहिल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, ‘बाई, दुकानातल्या कागदावर लिहिणाऱ्याचं नाव का नाही?’ माझ्या मते त्या प्रकल्पातून तिला जे काही मिळाले, त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट हा प्रश्न होता.

त्याच नोंदीवरून तिला दुसरीही एक गोष्ट सांगता आली. विश्वकोशाचे खंड वेगवेगळ्या दशकांत निघालेले असल्यामुळे जुन्या खंडांतील लोकसंख्या, उत्पादन किंवा तंत्रज्ञान यांविषयीची माहिती त्या त्या काळची आहे. पळस बदललेला नाही, पण आकडे बदलतात. म्हणून कुठलीही नोंद वापरताना ती केव्हा लिहिली गेली हे पाहायचे असते. विश्वकोश मंडळाने अलीकडे विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नव्या आणि सुधारित नोंदी लिहून घ्यायला सुरुवात केली आहे आणि शालेय वयाच्या वाचकांसाठी कुमार विश्वकोशही काढला आहे. एवढा फरक मुलाला दहा मिनिटांत समजावून देता येतो, मात्र समजावणारे कोणी तरी तिथे हजर असावे लागते.

मराठीत मोफत आणि भरवशाचे वाचन आज किती उपलब्ध आहे, याची अनेक शिक्षकांनाही कल्पना नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने संकेतस्थळावर खुले केले आहेत. आमच्या शाळेत या अंकांचे वर्षावार बांधणी केलेले गठ्ठे होते. एका पावसाळ्यात भिंतीतून ओल आली, पाठोपाठ वाळवी लागली आणि निम्मे गठ्ठे मला माझ्या हातांनी दाखल नोंदवहीतून कमी करावे लागले. तेच अंक पडद्यावर पुन्हा दिसले तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. दाते-कर्वे यांचा 1930 च्या दशकात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. आजीच्या बोलण्यातील इर्जिक किंवा मोट यांसारखा शब्द घेऊन आलेल्या मुलाला यापेक्षा चांगली जागा दाखवता येणार नाही. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्काची मुदत संपलेले साहित्य वाचता येते. आपल्या कायद्यानुसार ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांची असल्यामुळे 1950 साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन 2011 पासून सर्वांसाठी मोकळे झाले आहे. याखेरीज खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहेच.

मग मुले तिथे का पोहोचत नाहीत? कारण ती शोधपेटीत इंग्रजी अक्षरांत शब्द लिहितात. समोर येतात त्या हिंदी-इंग्रजी चित्रफिती, जाहिराती आणि तयार निबंध विकणारी पाने, आणि त्या गर्दीत विश्वकोश कुठे तरी खाली राहतो. देवनागरीत टंकलेखन करायला मुलांना कोणी शिकवलेले नसते. ‘पळस’ हा शब्द देवनागरीत लिहून शोधला तर मिळणारी यादी निराळीच असते, हे मी कित्येक मुलांना प्रत्यक्ष करून दाखवले आहे आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य पाहिले आहे. कपाटातील पुस्तकांना आम्ही वर्गांक देतो, 891.46 म्हणजे मराठी साहित्य, हे आमच्या शाळेतील सातवीची मुलेही सांगू शकत. तशीच मांडणी आता संकेतस्थळांचीही हवी. विषयानुसार निवडलेली, तपासलेली, वेळोवेळी दुरुस्त केलेली यादी संगणकाशेजारी भिंतीवर लावणे हे ग्रंथपालाचेच काम आहे.

आणि पडद्यावरच्या वाचनामुळे पुस्तक मागे पडते, असा माझा अनुभव नाही. पळसावर काम करणारी ती मुलगी पुढच्याच आठवड्यात जंगलावरचे आणखी काही वाचायला मागू लागली आणि मारुती चितमपल्ली यांचे एक पुस्तक घेऊन गेली. ते तिने सलग दोनदा नूतनीकरण करून ठेवून घेतले. नोंद वाचल्यावर ज्याला भूक लागते, त्याला देण्यासाठी कपाट जवळ असावे लागते. पडदा आणि कपाट एकाच खोलीत असावेत, असे मी म्हणते ते यासाठी.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तिथे वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. पाचवी ते आठवीचे वर्ग चालवणाऱ्या माध्यमिक शाळांनाही हे लागू होते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना मंजूर करून उच्च शिक्षणसंस्थांना आणि संशोधन संस्थांना संशोधनपत्रिका खुल्या करण्यासाठी तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. शाळांसाठी एवढ्या रकमेची गरज नाही, कारण शाळेतील मुलांना लागणारे बरेचसे साहित्य आधीच विनामूल्य आहे. उणीव आहे ती खोलीची, दोन संगणकांची, वेळापत्रकातील एका तासिकेची आणि पूर्ण दिवस शाळेत असणाऱ्या माणसाची. विद्यार्थ्यांचा पट कमी म्हणून शाळेला अर्धवेळ ग्रंथपाल मिळतो, आणि तो त्याच्या अर्ध्या दिवसात देवघेव, नोंदवह्या, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि कार्यालयातील इतर कामे उरकतो. मुलाच्या शेजारी बसून ‘हे कोणी लिहिले आहे, केव्हा लिहिले आहे’ असे विचारायला त्याच्याकडे वेळच उरत नाही. मीही तो फार थोड्या मुलांना देऊ शकले आणि याची खंत मला आजही आहे. पटाची अट शिथिल करून प्रत्येक माध्यमिक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल द्यावा, ही माझी शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे.

तोपर्यंत संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांना एक गोष्ट लगेच करता येईल. संगणक कक्षातील दोन संगणक ग्रंथालयात हलवावेत आणि पाठ्यपुस्तके, ‘किशोर’चे अंक व मुदत संपलेले साहित्य त्यांच्यावर उतरवून ठेवावे. असे केले म्हणजे नेट गेले तरी वाचन थांबत नाही. आठवड्यातून एक तासिका प्रत्येक वर्गाने तिथे घालवावी. आमच्या तालुक्यातील ज्या शाळेची तयारी असेल, तिने आपल्यामार्फत मला कळवावे. मी निवडलेल्या संकेतस्थळांची यादी आणि पेनड्राइव्ह घेऊन स्वतः येईन आणि पहिल्या काही तासिका मुलांबरोबर बसेन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
जि. सातारा