जर्मनीला अर्ज करण्याआधी पदवी तपासून घ्या

जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या सभासदांसाठी सूचना.

परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांच्या नोंदी असलेल्या 'अनाबिन' (anabin) या मोफत जर्मन संकेतस्थळावर आधी विद्यापीठ शोधा. 'एच प्लस' (H+), म्हणजे जर्मनीत मान्य, असा शेरा हवा. त्यावर खूश होऊन थांबू नका. पदवीची नोंद वेगळी असते, तीही पाहा आणि दोन्ही पानांच्या प्रती व्हिसाच्या कागदांत जोडा. कॉलेज संलग्न असेल तर पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव शोधायचं. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 साली बदललं, त्यामुळे जुनं नावही टाकून पाहा.

नोंद सापडली नाही तर 'झेडएबी' (ZAB) या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन मागवा. शुल्क 208 युरो. पदवी प्रमाणपत्र तयार ठेवा, तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका.

आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर तिसरंच. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, गॅझेट किंवा विवाह नोंदणी दाखला आत्ताच काढा.

डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना एवढं पुरत नाही. जर्मनीतल्या त्या-त्या राज्याच्या अधिकाऱ्यांची वेगळी मान्यता लागते. सॉफ्टवेअरवाल्यांना ती कटकट नाही.

हाती नोकरी नसेल तर जून 2024 पासून सुरू झालेलं 'चान्सनकार्ट' (Chancenkarte) हे नोकरी शोधण्यासाठीचं परवाना-कार्ड पाहा. त्यावर एक वर्ष राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला 20 तास कामही करता येतं.