डोंबिवलीची संख्या

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर राहिलं खरं, पण आज सांगण्यासारखं काही हाती लागलंय.

परवा रात्री भाची गुणाकार घेऊन बसली होती. पाचवीत आहे, हातचा आला की गडबडते. धीर यावा म्हणून मी म्हटलं, हातचा लागणारच नाही असा गुणाकार कर, १११ ला १११ ने. १२३२१ आले. मग ती थांबेचना. एकेक 'एक' वाढवत नऊ एकांपर्यंत गेली. चौकटीच्या वहीचं आडवं धरलेलं पान, नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना मी तिच्या पेन्सिलीचं टोक बघत होतो. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, शेजारी दोन, मग तीन, मधल्या रकान्यात बरोबर नऊ, आणि पुन्हा उतार. उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक आणि हातचा एकही नाही! अंकांची बेरीज ८१. तीही वहीतच दिसते: नऊ ओळींत नऊ-नऊ एक.

सुहास, या संख्येच्या कुळाला नाव आहे, डेम्लो. नाव ठेवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले मास्तर. ६१७४ वाले (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारी ती संख्या) कापरेकर आपल्याला ठाऊक होते. पण १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे गृहस्थ शाळा शिकले आपल्या ठाण्यात, हे कुणी कधी सांगितलं होतं का आपल्याला? आणि डेम्लो म्हणजे जुन्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली. क्लास सुटल्यावर आपण जिथून ठाण्याची स्लो लोकल पकडायचो, ते स्टेशन! वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता डेम्लो संख्येची कसोटी बघ: डावा आणि उजवा भाग मिळवले की मधलाच अंक यायला हवा. मधला ९ बाजूला ठेव. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. मिळव: ९९९९९९९९. एकाला आठ भेटतो, दोनाला सात, आणि सगळीकडे तो मधलाच नऊ उभा राहतो. १६५ मध्येही तसंच, १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. नऊ एकांचे अवयव मी काढले, ३ × ३ × ३७ × ३३३६६७, वर्गात प्रत्येक दुप्पट वेळा येणार. पण मन रमलं ते त्या जोड्यांतच.

भाचीने मग दहा एकही मांडले. मधल्या रकान्यात दहा झाले आणि हातचा आलाच. झोपायची वेळ केव्हाच टळली होती, पण तिने तो न चुकता डावीकडे नेला, तिथे पुन्हा दहा झाले, तोही नेला. उत्तर मी लिहीत नाही. तू चौकटीचा कागद घे, स्वतः कर, आणि डावीकडचा ८ कुठे गेला ते मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश