एका बैठकीतला सूड

मालवण,
८ मार्च २०२६

प्रिय सुहास,

तुझा फोन आला तेव्हा मी बंदरावर होतो आणि मागे माशांचा लिलाव चालला होता, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. तू विचारलंस, "टॅरँटिनोच्या 'किल बिल'चे दोन्ही भाग आपण कधीचेच पाहिलेत, मग ते जोडून बघण्यात एवढं काय?" याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. उमा थर्मनची ती नवरी, लग्नाच्या तालमीत बिलच्या टोळीने मरणाच्या दारात सोडलेली आणि आता एकेकाचा सूड घेत निघालेली. तिच्या पहिल्या भागाचा शेवट आठव. बिलचा नुसता आवाज येतो. तो आपल्या हाताखालच्या सोफीला विचारतो, नवरीची मुलगी जिवंत आहे हे नवरीला ठाऊक आहे का? आणि पिक्चर संपतो. अमेरिकेत पहिला भाग ऑक्टोबर २००३ मध्ये लागला आणि दुसरा एप्रिल २००४ मध्ये. त्या मधल्या काळात लोकांना बांधून ठेवायला ते वाक्य होतं. आपण तर पुढची सीडी हाताला लागेपर्यंत त्याच एका वाक्यावर गप्पा मारत बसायचो. दोन्ही भाग जोडून केलेल्या 'द होल ब्लडी अफेअर'मध्ये ते वाक्यच नाही! काढून टाकलंय. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला उमा थर्मन गाडी चालवताना मागची गोष्ट थोडक्यात सांगते, तेही गेलं. मध्ये फक्त मध्यंतर, आणि मग थेट त्या वाळवंटातल्या चर्चमध्ये, लग्नाच्या तालमीत आपण पोहोचतो.

म्हणजे बघ, आपली लेक जिवंत आहे हे त्या बाईला शेवटच्या दारापर्यंत माहीत नाही, आणि आता बघणाऱ्यालाही नाही. पूर्वी आपण तिच्या पुढे चालत होतो, मनातून तिला हाका मारत होतो, अगं मुलगी आहे तुझी. आता आपण तिच्यामागून चालतो, तिला जेवढं दिसतं तेवढंच बघत. एवढ्याशा कात्रीने अख्ख्या गोष्टीचं वजन एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातं, यावर माझा स्वतः पाहीपर्यंत विश्वास बसला नसता.

पण मला तर सगळं माहीत होतं. मग हे मला कळलं कसं, असं तू विचारशील. कळलं ते काकीमुळे.

पुतण्या बोटीवरून सुट्टीला आलाय. पिक्चर त्याच्याकडे होता आणि छोटा प्रोजेक्टरही. शिमग्याची धामधूम उरकली आणि आम्ही खळ्यात चादर बांधली. काकी जेवून आली आणि खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, फार मारामारी आहे, रक्तबिक्त आहे. ती म्हणाली, "जत्रेत काय कमी बघलंय?" आणि खरंच आहे ते. जन्मभर देवळासमोर बसून रात्र रात्र दशावतार बघितलेली बाई ती. साडेचार तासांचं तिला काय कौतुक! तिच्या मते नाटक म्हटलं की पहाटेच सुटायचं.

सुहास, हा पिक्चर आपल्याकडे बघायचा तर असाच, दशावतार बघितलेल्या माणसाच्या शेजारी बसून. तिथे एक बाकडं असतं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेली संहिता नाही. युद्ध सुरू झालं की तलवारी तालावर फिरतात, आणि कोणी विचारत नाही की एवढे वार होऊन राक्षस अजून उभा कसा. काकीनेही विचारलं नाही. ब्लू लीव्ह्ज या जपानी हॉटेलात ती पिवळ्या कपड्यातली बाई एकटी ओ-रेनच्या त्या क्रेझी ८८ टोळीत शिरली, हातपाय उडायला लागले, रक्ताची कारंजी छतापर्यंत गेली, तेव्हा पुतण्या माझ्याकडे बघत होता, आता काकी उठणार म्हणून. काकी मात्र मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती.

ती मारामारी आपण अर्धीअधिक कृष्णधवल पाहिली होती, आठवतं? अमेरिकेतल्या सेन्सॉरला एवढं लाल रक्त चाललं नसतं म्हणून रंग काढून घेतला होता. जपानात मात्र ती रंगीतच दाखवली. आता आपल्यापुढेही ती सगळी रंगीत आहे आणि थोडी वाढलेली आहे. मला वाटलं होतं, रंगात ती जास्त भयंकर वाटेल. तसं झालं नाही. कृष्णधवलमध्ये रक्त काळं दिसायचं, जड दिसायचं. रंगात ते इतकं लालभडक आहे की हा खेळ चाललाय हे दिग्दर्शक लपवतच नाही. शिवाय तो पिवळा पोशाख आता शेवटपर्यंत पिवळा राहतो. ब्रूस लीचा पोशाख तो, 'गेम ऑफ डेथ'मधला. १९७३ मध्ये माणूस गेला, पिक्चर १९७८ मध्ये आला. आपल्या शाळेच्या वाटेवरच्या व्हिडिओवाल्याकडे त्याचंच पोस्टर होतं, कोपरे फाटलेलं.

पण मला तुला सांगायचंय ते त्या मारामारीनंतरचं. बर्फाची बाग. आतला सगळा गोंधळ मागे राहतो आणि बाहेर पांढरंशुभ्र. पांढऱ्या किमोनोत ओ-रेन, नवरीला मारायला गेलेल्यांपैकीच एक. आणि बागेत तो बांबू, पाणी भरलं की कलंडतो, रिकामा झाला की मागे येऊन दगडावर टक् करून आपटतो. गिटार आणि टाळ्या थांबतात आणि मग तेवढाच आवाज उरतो. टक्. कोणी हलत नाही. पुन्हा टक्. मघाचपासून ताल धरलेली काकीची बोटं तिथे थांबली. मी मुद्दाम बघितलं. दशावतारातही अखेरच्या वाराआधी मृदंग असाच गप्प होतो, ते तिला सांगावं लागलं नाही.

वाढवलेल्या भागात सगळ्यात मोठा आहे तो कार्टूनचा तुकडा, साडेसात मिनिटांचा, पूर्वी कोणी न पाहिलेला. 'प्रॉडक्शन आय.जी.' या जपानी स्टुडिओनेच केलेला, पहिल्या तुकड्यासारखा. ओ-रेन लहान असताना पलंगाखाली लपून आईबापांचा खून बघते, ते आपल्याला माहीत होतं. तिच्या बापाला मारणाऱ्या त्या लांब केसांच्या माणसाचा हिशेब ती कसा चुकता करते, ते या नव्या भागात आहे. चित्रं जबरदस्त आहेत. मला तो थोडा लांबला असंही वाटलं. पण त्याने एक गोष्ट झाली. ओ-रेनचा सूडसुद्धा तितकाच मोठा झाला. बागेत समोरासमोर उभ्या राहतात त्या दोघी एकाच वाटेने आलेल्या असतात, एक थोडी आधी, एक नंतर. त्यामुळे ओ-रेन बर्फात पडली तेव्हा मला जिंकल्याचा आनंद झालाच नाही. वर मेइको काजी या जपानी गायिकेचं ते गाणं सुरू झालं आणि मी गप्प बसून राहिलो.

आता पोरींचं सांगतो. हे मला जोडून पाहिल्यावरच दिसलं आणि त्यासाठीच एवढा कागद काढलाय.

सुरुवातीचं पॅसाडेनातलं घर आठव. नवरी आणि टोळीतली तिची एक जुनी साथीदार, दोघी बायका सुऱ्या घेऊन एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, काचा फुटलेल्या, आणि मोठ्या खिडकीतून शाळेची पिवळी बस येऊन थांबताना दिसते. दोघीही सुऱ्या पाठीमागे लपवतात. चार वर्षांची निकी दप्तर घेऊन आत येते. थोड्याच वेळात ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असते आणि आई जमिनीवर मेलेली. नवरी सुरी पुसते आणि पोरीला सांगते, मोठी झालीस आणि तरी हे मनात सलत असेल, तर मी वाट बघेन.

दोन भागांत बघताना हा प्रसंग आणि शेवट यांच्यात महिन्यांचं अंतर होतं. आपण निकीला विसरून गेलो होतो. एका बैठकीत ती विसरली जात नाही. पलंगाखालची ओ-रेन, दारातली निकी आणि शेवटी खेळण्यातली बंदूक रोखून उभी असलेली नवरीची लेक बी.बी. हे तीन पोरींचं पिक्चर आहे, सुहास! तलवारी आपल्याला दिसल्या, पण गोष्ट सगळी मोठ्यांचं मारणं-मरणं बघणाऱ्या लहान पोरींची आहे.

बी.बी.चा प्रसंग आला तेव्हा काकी पुढे सरकून बसली. खरी बंदूक हातात घेऊन आई खोलीत शिरते आणि समोर रात्रीच्या कपड्यातली लेक. तिला खोटंखोटं मारते, आईलाही खोटंखोटं मरावं लागतं. काकीला इंग्रजी येत नाही, मी मधेमधे सांगत होतो, पण इथे मी तोंड उघडलंच नाही. "गे बाय माझे, जिता आसा गे!" असं ती मोठ्याने म्हणाली, पडद्यावरच्या बाईला. मला त्या क्षणी त्या काढून टाकलेल्या वाक्याची किंमत कळली. वीस वर्षांपूर्वी तो धक्का आपल्याला आवाजातून, अर्ध्यातच वाटून टाकला होता. काकीला तो पुरा मिळाला, आईच्या बरोबरीने, त्याच दारात.

मग त्या मायलेकी पलंगावर लोळून तलवारबाजीचाच एक जुना पिक्चर बघतात. ते चालू असताना काकीने विचारलं, "त्या पयल्या चेडवाचा काय झाला?" म्हणजे निकीचं. मी म्हटलं, पिक्चरमध्ये पुढे काही नाही. ती म्हणाली, "ता येतला. मोठा झाला की येतला." आणि बिल मेला तरी तिच्या तोंडावर समाधान नव्हतं. सकाळी आई न्हाणीघराच्या फरशीवर पडून रडते, हसते आणि पुन्हा रडते, तेव्हा काकीनेही डोळ्याला पदर लावला. पण ती एवढंच म्हणाली, की रडूचाच आसा.

दुसरा अर्धा भाग संथ आहे अशी लोकांची तक्रार असायची. तुझीही होती. मला वाटतं तो स्वतंत्र पाहिल्यामुळे तसं वाटलं. ब्लू लीव्ह्जचा धुरळा अंगावर असताना बिलच्या भावाच्या, बडच्या ट्रेलरपाशी यावं, मग ती शांतता खरी वाटते. तिथे तलवार चालतच नाही. दार उघडतं आणि छातीवर खडे मीठ भरलेल्या काडतुसाचा बार. सगळी विद्या एका क्षणात आडवी. आणि मग तिला जिवंत पुरायची ती पेटी. पडदा पूर्ण काळा होतो आणि फक्त आवाज: खिळे ठोकल्याचा, पेटी ओढल्याचा, वरून माती पडल्याचा. माती पहिल्यांदा मोठ्याने पडते, मग थर वाढेल तसा आवाज लांब जातो. खळ्यातला दिवा आम्ही मालवला होता, आजूबाजूलाही काळोख. त्या आवाजाने पुतण्याचा लहान मुलगा येऊन मला चिकटला, त्याला मग आत नेऊन निजवलं.

आणि नेमकं तिथेच दिग्दर्शक आपल्याला तिच्या म्हाताऱ्या गुरूच्या, पाइ मेईच्या पायऱ्यांवर नेतो. याला मी पिक्चरचं काळीज म्हणेन. फळीपासून हात अवघा तीन इंच दूर ठेवून ती फोडायची. बोटांची सालं निघतात, झोपेतही तिची मूठ चालू असते. जेवताना काड्या धरवत नाहीत म्हणून ती हाताने भात खायला जाते, तर म्हातारा वाडगा भिरकावून देतो. ती थरथरत्या बोटांनी पुन्हा काड्या उचलते. त्या भाताच्या वाडग्यावर कॅमेरा किती वेळ थांबलाय बघ. मग आपण पुन्हा पेटीत येतो, आणि फळी तेवढीच जवळ असते.

पाइ मेई झालेला गॉर्डन लिऊ म्हणजे आपला तोच 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'वाला, १९७८ चा. दंडाला सुऱ्या बांधून पाण्याच्या बादल्या वाहणारा. गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणायचो तेव्हा ते शिकण्याचे भाग आपण पुढे ढकलायला लावायचो, मारामारी कधी येते म्हणून. तोही सूडाचाच पिक्चर, आणि त्यातला बहुतेक वेळ शिकण्यातच जातो. टॅरँटिनोने शिष्याला गुरू केलं, आणि क्रेझी ८८ चा म्होरक्या जॉनी मोही तोच आहे. या वेळी दोघे एकाच रात्री भेटले, आणि मला फार बरं वाटलं.

अजून एक. सुरुवातीला सूड थंड झाल्यावरच वाढावा अशी एक म्हण यायची, ती या आवृत्तीत नाही. तिच्या जागी किंजी फुकासाकू या जपानी दिग्दर्शकाला अर्पण केल्याची ओळ आहे. ते २००३ च्या जानेवारीत गेले. म्हणीपेक्षा नमन केव्हाही चांगलं. आणि हा पिक्चर कापून-जोडून देणारी सॅली मेंकी २०१० मध्ये गेली, तलवार घडवणारा हात्तोरी हान्झो झालेले सॉनी चिबा २०२१ मध्ये, बिल झालेला डेव्हिड कॅराडीन त्याही आधी. २०११ मध्ये हा जोडलेला पिक्चर लॉस एंजेलिसला दिग्दर्शकाच्या स्वतःच्या थिएटरात लागला होता, पण सगळीकडे मोठ्या पडद्यावर यायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. ज्यांनी केला त्यातल्या कितीतरी जणांना तो असा गावोगाव लागलेला बघायला मिळाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्ही मे महिन्यात येताय ना? पुतण्या तोवर बोटीवर गेलेला असेल, पण प्रोजेक्टर ठेवून जायला मी त्याला सांगितलंय. वहिनींनी एकही भाग पाहिलेला नाही असं तू मागे म्हणाला होतास. मग आता दाखवूही नकोस आणि गोष्टही सांगू नकोस, त्या मुलीबद्दल तर अवाक्षर नको. रात्री आठला सुरू करू, मध्यंतरात जेवू. काकी पुन्हा बसणार आहे, तिने आत्ताच बजावून ठेवलंय. तिलाही मी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. ती "बघूया" म्हणाली.

तुझा,
विजय

ता. क. बाबांना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यांचं काय झालं ते पुढच्या फोनवर कळव.