युद्ध पेटले ते दोन सरकारी आदेशांनी

संपादक महोदय,

परदेशातल्या लष्करी हस्तक्षेपाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा तेल, क्षेपणास्त्रे आणि नेत्यांची वक्तव्ये यांपाशीच थांबते. महासत्तेने एखादी राजवट उलथवल्यावर तिथे पुढची दहा-पंधरा वर्षे रक्त का वाहत राहते, हे समजून घ्यायचे तर प्रशासनाचे कागद वाचावे लागतात. इराकचे कागद आज सर्वांसाठी खुले आहेत, म्हणून त्याच देशाबद्दल लिहीत आहे.

20 मार्च 2003 रोजी अमेरिकेने हल्ला चढवला आणि 9 एप्रिलला बगदाद पडले. तेव्हा लुटालूट बेसुमार होती, पण संघटित बंड अजून उभे राहिलेले नव्हते. 12 मे रोजी अमेरिकेने नेमलेले पॉल ब्रेमर हंगामी प्रशासनाचे प्रमुख म्हणून बगदादला पोहोचले. 16 मे रोजी त्यांचा पहिला आदेश निघाला, 23 मे रोजी दुसरा. पुढच्या बहुतेक अनर्थाचे मूळ या आठवड्यात आहे.

पहिल्या आदेशाने सद्दाम हुसेन यांच्या सत्ताधारी बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतल्या सदस्यांना सरकारी नोकरीची दारे बंद झाली. त्याशिवाय मंत्रालये, विद्यापीठे, रुग्णालये आणि सरकारी कंपन्या यांच्या वरच्या तीन स्तरांवर जो कोणी पक्षाचा पूर्ण सदस्य असेल, तोही घरी गेला. सद्दामच्या राज्यात पक्षाचे सदस्यत्व घेतल्याशिवाय वरची जागा मिळणे अवघड होते. त्यामुळे छळ करणाऱ्यांबरोबर वीजकेंद्राचे अभियंते, डॉक्टर आणि हजारो शिक्षकही बाहेर फेकले गेले.

दुसरा आदेश याहून घातक ठरला. सैन्य, संरक्षण मंत्रालय, रिपब्लिकन गार्ड (सद्दामचे खास निष्ठावान दल), गुप्तचर यंत्रणा असे सगळेच बरखास्त झाले. एकट्या सैन्यात सुमारे 3 लाख 85 हजार माणसे होती. कर्नल आणि त्यावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला पक्षाचा वरिष्ठ सदस्य मानले गेले, म्हणून त्याला सेवासमाप्तीची रक्कमही नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. हल्ल्याच्या आठवडाभर आधी, 12 मार्चला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासमोर मांडली गेलेली योजना नेमकी उलटी होती. फक्त रिपब्लिकन गार्ड मोडायचा आणि नियमित सैन्य पुनर्बांधणीच्या कामाला लावायचे, असे तेव्हा ठरले होते.

ब्रेमर यांचा युक्तिवाद असा की सैन्य आधीच पांगले होते, बराकी लुटल्या गेल्या होत्या आणि सक्तीने भरती झालेले शिया जवान परत आलेच नसते. त्यात तथ्य आहे. पण पांगलेला सैनिक पगारासाठी रांगेत उभा राहू शकतो. त्याच आठवड्यांत बगदादमधले अमेरिकी अधिकारी माजी सैनिकांशी बोलत होते आणि एक लाखाहून अधिक जणांनी नावे नोंदवलीही होती. सैन्यच अधिकृतपणे संपल्यावर त्या याद्यांना अर्थ उरला नाही. 18 जूनला संतापलेल्या माजी सैनिकांनी बगदादमध्ये निदर्शने केली. अमेरिकी गोळीबारात त्यांतले दोघे ठार झाले. पाच दिवसांनी दरमहा 50 ते 150 डॉलर भत्ता जाहीर झाला. महिनाभर उशिरा, आणि तेही वरिष्ठांना वगळून.

इथे थोडा हिशेब मांडतो. प्रत्येकी सरासरी 100 डॉलर धरले तरी संपूर्ण सैन्याचा महिन्याचा खर्च चार कोटी डॉलरच्या आत राहतो. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी जुलै 2003 मध्ये सिनेटला सांगितले की इराकवर अमेरिकेचे महिन्याला 3.9 अब्ज डॉलर खर्च होत आहेत. म्हणजे शस्त्रे चालवता येणाऱ्या, नकाशे वाचणाऱ्या, कोठारांच्या जागा ठाऊक असलेल्या माणसांना घरखर्चापुरते पैसे देणे हा त्या खर्चाचा जेमतेम एक टक्का होता.

आणि कोठारे उघडी होती. अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारीतच सिनेट समितीला सांगितले होते की हल्ल्यानंतरच्या इराकसाठी काही लाख सैनिक लागतील. उपसंरक्षणमंत्री वुल्फोविट्झ यांनी तो अंदाज जाहीरपणे धुडकावला. प्रत्यक्षात उतरलेले अमेरिकी सैन्य दीड लाखाच्या आसपास होते. राजधानीपर्यंत मुसंडी मारायला ते पुरले, पण देशभर विखुरलेल्या दारूगोळ्याच्या कोठारांवर पहारा ठेवायला अपुरे पडले. बगदादच्या दक्षिणेकडील अल-काका कारखान्यातून सुमारे 340 टन अतितीव्र स्फोटके नाहीशी झाल्याचे ऑक्टोबर 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जाहीर केले. 9 एप्रिलनंतरच्या लुटीत ती गेली, असे इराकी अधिकाऱ्यांचे पत्र होते. तोफगोळे तर कुठेही मिळत. रस्त्याकडेला पेरलेले स्फोटक हे या बंडाचे मुख्य हत्यार झाले आणि अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यू त्याने घडवले. माल कोठारातला, कसब बरखास्त सैन्यातले.

राजकारणात तिसरी चूक झाली. जुलै 2003 मध्ये नेमलेल्या 25 जणांच्या शासन परिषदेत जागांची वाटणी पंथ आणि वंश पाहून झाली: 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, एक तुर्कमेन, एक असिरियन. पंथावर पद मिळते म्हटल्यावर पक्षही पंथाचे झाले आणि पक्षांच्या सशस्त्र टोळ्याही. 2006-07 मध्ये बगदादच्या वस्त्या या टोळ्यांनी माणसे मारून आणि हुसकावून वेगळ्या केल्या.

2007 मध्ये अमेरिकेने मुख्यतः सुन्नी जमातींतल्या सुमारे एक लाख लोकांना महिन्याला 300 डॉलरच्या आसपास पगारावर घेतले. त्यांत कालपर्यंत अमेरिकनांवर गोळ्या झाडणारेही होते. हिंसाचार झपाट्याने उतरला. ज्यांना 2003 मध्ये पगार नाकारला होता, त्यांच्याच भागात चार वर्षांनी अधिक दराने पगार सुरू करावा लागला. ऑक्टोबर 2008 पासून ही जबाबदारी बगदादच्या सरकारकडे जाऊ लागली. त्यांतल्या 20 टक्के लोकांना सुरक्षा दलांत घेण्याचे वचनही नीट पाळले गेले नाही. दुसऱ्यांदा तीच माणसे रस्त्यावर आली.

पुढे इराकमध्ये उभ्या राहिलेल्या 'इस्लामिक स्टेट' या दहशतवादी संघटनेचा आराखडा रचणारा हाजी बक्र हा सद्दामच्या हवाई संरक्षण दलातला गुप्तचर कर्नल होता. जून 2014 मध्ये उत्तर इराकमधले मोसूल शहर या संघटनेच्या हाती पडले, तेव्हा 20 अब्जांहून अधिक डॉलर ओतून उभारलेले नवे सैन्य काही दिवसांत विरघळले. त्याच वर्षअखेर पंतप्रधान अबादी यांनी सैन्याच्या पगारपत्रकावर 50 हजार बनावट नावे असल्याचे संसदेत सांगितले. मोसूलमध्ये 39 भारतीय मजूर मारले गेले. आपल्या कल्याणचे चार तरुण त्याच वर्षी त्या संघटनेत सामील व्हायला गेले होते.

सद्दामची राजवट क्रूर होती. मार्च 1988 मध्ये इराकमधल्या हलब्जा या कुर्द शहरात विषारी वायूने हजारो कुर्दांचा जीव घेतला. त्याचा उल्लेख टाळून अमेरिकेवर टीका करणे मला मान्य नाही. पण राजवट किती वाईट होती याने, तिच्या जागी काय उभे करणार या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. 14 जुलै 2003 रोजी वाजपेयी सरकारने सुमारे 17 हजार भारतीय सैनिक इराकमध्ये पाठवण्याची अमेरिकेची विनंती, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट जनादेश नाही म्हणून, नाकारली. देशात त्या वेळी 'संधी गमावली' असा सूर लावणारे कमी नव्हते. त्या निर्णयाचे महत्त्व आपल्याकडे आजही पुरेसे बोलले जात नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. कोणत्याही महासत्तेने कुठेही राजवट बदलण्याची भाषा केली, तर विमानांच्या छायाचित्रांबरोबर ही माहितीही द्यावी: जुन्या सैन्याचा पुढच्या महिन्याचा पगार कोणाच्या सहीने निघणार, कोठारांवर पहाऱ्याला किती माणसे नेमली आहेत आणि नोकरीतून कोणाला, कोणत्या निकषावर काढले जाणार.

आपला,
एक वाचक, सातारा