वाशीच्या खाडीपासून बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: वाशी ते बेलापूर किल्ला हा खाडीकाठचा सायकल मार्ग सलग आणि सुरक्षित करण्याबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

वाशीच्या सागर विहारपासून बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत खाडीच्या काठाने सायकलवर जाता येईल असा मार्ग नवी मुंबईत तुकड्यातुकड्यांनी आजही आहे. कुठे सेक्टरमधला शांत रस्ता, कुठे धारण तलावाचा काठ, कुठे गावठाणातली गल्ली, कुठे जेट्टीकडे जाणारी वाट. या तुकड्यांच्या मधे पाम बीच मार्ग, म्हणजे वाशी-बेलापूर जोडणारा भरधाव वाहनांचा रस्ता, येतो आणि तिथे सायकलवाल्याचा धीर सुटतो. हे तुकडे जोडून द्यावेत, आणि पाचवीतलं पोर किंवा साठीतली आजी न घाबरता चालवू शकेल इतपत ते सोपे करावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्याला लिहिण्याचं कारण सरळ आहे. रस्ते महापालिकेचे, किल्ल्याच्या जतनाचं काम सिडकोकडे, आणि या दोन्ही यंत्रणा नगरविकास खात्याखाली येतात. खाडीतली तिवरं (खारफुटी) वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे आहेत, तिथे आपला शब्द लागेल. एकेका कार्यालयाकडे अर्ज करत बसलो तर प्रत्येकाची हद्द कुठे संपते तेवढंच आम्हाला कळेल. सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं आपल्याच हातात आहे.

मार्ग सोपा होण्याची तयारी निसर्गाने आणि इथल्या जुन्या माणसांनी आधीच करून ठेवली आहे. वाशी, सानपाडा, नेरुळ, सीवूड्स हा बहुतेक भाग खाजणाचा आणि मिठागरांचा. आगरी-कोळ्यांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडून ही जमीन राखली, तिच्यावर भात आणि मीठ पिकवलं. सिडकोने 1970 नंतर शहर उभारताना हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, त्यासाठी धारण तलाव खोदले. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई अशाच तलावाभोवती आहे. सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सगळी वाट सपाट आहे. चढ एकच, शेवटचा, किल्ल्याच्या टेकाडाचा, आणि तोही हातात सायकल धरून चालत जाण्याएवढाच.

या किल्ल्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण महापालिकेचं मुख्यालय त्याच्या इतक्या जवळ असूनही शहरातल्या कितीतरी मुलांना तो ठाऊक नाही. पनवेलच्या खाडीच्या मुखाशी सिद्दींनी हा किल्ला बांधला. पनवेल तेव्हा बंदर होतं. या टेकाडावर बसलेल्याला पनवेलकडे येणारंजाणारं प्रत्येक गलबत दिसत असे, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर डोळा. सिद्दींकडून तो पोर्तुगीजांकडे गेला, 1733 साली मराठ्यांनी जिंकला आणि 1817 साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. चिमाजी अप्पांनी जवळच्या अमृतेश्वराला नवस बोलून, किल्ला हाती आल्यावर बेलाच्या पानांचा हार वाहिला, असं इथले लोक सांगतात. गोवर्धनी मातेचं देऊळही इथलंच. शहर वसवताना पंचाण्णव गावांची जमीन घेतली गेली हे वाक्य आपण भाषणांत ऐकतो. त्यातली काही गावं, जुहूगाव, सानपाडा, सारसोळे, करावे, दिवाळे, याच वाटेवर एकामागून एक येतात. शाळेच्या सहलीसाठी मुलांना बसमध्ये कोंबून लांब न्यायची गरजच पडू नये, इतकं या दहा-अकरा किलोमीटरमध्ये आहे.

आता अडचण. पाम बीच मार्ग वेगासाठी आखलेला आहे आणि त्यावर वाहनं तशीच धावतात. फेब्रुवारी 2024 मध्ये नेरुळजवळ याच रस्त्यावर पहाटे सायकल चालवणाऱ्या एका ज्येष्ठ अभियंत्याचा टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला. ते अनुभवी सायकलस्वार होते. त्यांच्यावर अशी वेळ येत असेल तर नवख्याला या रस्त्याच्या कडेने जा म्हणणं मला बरोबर वाटत नाही. माझी भाची माझ्यापुढे सायकल चालवत असताना मी पाहिलं आहे, भरधाव गाडी शेजारून गेली की तिचे दोन्ही कोपर ताठ होतात, पॅडल थांबतं आणि पुढचं चाक गटाराच्या जाळीकडे वळतं. गाडीने तिला स्पर्शही केलेला नसतो. रस्त्यावर पांढरी रेघ ओढून आणि सायकलचं चित्र काढून ही भीती जात नाही. जिथे पाम बीच टाळताच येत नाही, त्या लांबीत वाहनं आणि सायकली यांच्यामध्ये चढता न येणारा कठडा हवा. बाकी लांबीत मार्ग आतल्या रस्त्यांनी आणि गावांतून न्यावा. थोडा वळसा पडला तरी चालेल.

चौक ओलांडण्याचा प्रश्न केवळ सायकलवाल्यांचा नाही. सारसोळे गाव रस्त्याच्या एका अंगाला आणि त्याची जेट्टी दुसऱ्या अंगाला. मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बायांना हाच रस्ता ओलांडावा लागतो. तिथला सिग्नल पायी चालणाऱ्याच्या वेगाने आखला तर सायकलवाल्याचंही काम होतं आणि कोळणीचंही.

तिवरांना हात लावू नये, हे मी मार्गाची चाहती म्हणूनच आग्रहाने मागते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनांना आणि त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्याला संरक्षण दिलं आहे. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेलं. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे आणि एनआरआय वसाहतीजवळच्या पाणथळींवर हिवाळ्यापासून मेपर्यंत हजारो रोहित उतरतात. भरती चढली की खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी आत, पाणथळीवर येऊन थांबतात. त्या वेळी त्यांना उठवलं तर त्यांना जायला दुसरी जागा उरत नाही. म्हणून तिथे प्रखर दिवे नकोत, काँक्रीट नको, खांबांवर उभारलेला मार्ग तर नकोच. आहे त्या बांधावर मुरूम चोपून घ्यावा, पक्ष्यांच्या दिवसांत सायकली थोड्या अंतरावरच थांबतील अशी सोय करावी आणि अंधार पडल्यावर तो तुकडा बंद ठेवावा. सायकल आवाज करत नाही आणि धूर सोडत नाही, पण घोळका झाला की पक्षी तिलाही बुजतात.

आणखी एक काळजी आहे, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. सुशोभीकरण सुरू झालं की जेट्टीवरची माणसं अडचण वाटू लागतात. दिवाळ्याला ओहोटीच्या वेळी गेलात तर होड्या चिखलात एका कुशीवर कललेल्या दिसतील, त्यांच्याखाली निवट्या, चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात, जाळी पसरलेली असतात आणि त्यांना सांधणारी माणसं वाटेतच बसलेली असतात. "जाळ्यावरून नको नेऊ गं सायकल," असं एका मावशीने भाचीला सांगितलं. तिने सायकल उचलून घेतली. मग मावशीने तिला जाळ्यातली बारकी चिंबोरी दाखवली, नांगी कशी धरायची तेही शिकवलं. मार्ग तिथे उतरून चालण्याचा असावा, आणि तसा फलक असावा. जाळी वाळवण्याची जागा, सुकटीची जागा, होड्या ओढण्याचा उतार यांवर फरशी घालून बाक मांडू नयेत. उलट मार्गावर खाण्यापिण्याची जी काही दुकानं निघतील ती या गावांतल्या महिला बचत गटांनाच मिळावीत. तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण मिळणार असेल तर ठाण्या-मुंबईहून माणसं येतील, याची मला खात्री आहे.

फार खर्च लागणाऱ्या गोष्टी मी मागत नाही. वाशी, सानपाडा, नेरुळ, सीवूड्स-दारावे आणि बेलापूर ही सगळी हार्बरची स्टेशनं या मार्गाजवळ आहेत. तिथे आणि किल्ल्याच्या पायथ्याशी सायकली कुलूप लावून ठेवता येतील असे लोखंडी कठडे हवेत. गटारांच्या जाळ्या आडव्या बसवाव्यात, म्हणजे चाक अडकणार नाही. पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, सावलीसाठी करंज आणि भेंडीची (पारस पिंपळाची) झाडं. आणि ठिकठिकाणी मराठीत चार ओळींची माहिती: इथे मिठागर होतं, इथे उघाडी होती, हा बांध कोणी घातला. ती माहिती गावातल्या जाणत्या माणसांना विचारून लिहावी.

पावसाळा संपला की महापालिका, सिडको आणि कांदळवन कक्षाचे अधिकारी घेऊन आपण ही वाट एकदा सायकलवर पार करावी, सकाळच्या वेळी, सागर विहारपासून. सारसोळे, करावे आणि दिवाळ्याच्या मच्छीमार संस्थांना त्या दिवशी सोबत घ्यावं. आराखड्याची पहिली रेघ त्यांच्याशी बोलून झाल्यावर ओढली जावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
नेरुळची एक सायकलस्वार