नियम कोडबाहेर काढले, पण तपासणार कोण?

मा. संपादक, स. न. वि. वि.

‘व्यवसायाचे नियम कोडमध्ये कोंबू नका, वेगळ्या तक्त्यात ठेवा’ हा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. मीही तोच देते. पण त्यातला अर्धा भाग सांगायचा राहून जातो, म्हणून हे पत्र.

मी 19 वर्षं विमा व्यवसायाच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. पूर्वी वयाची अट 55 ची 60 करायची तरी कोड उघडावा लागे. बिल्ड, टेस्टिंग, रिलीज यांत तीन आठवडे सहज जात. तीच अट चार ठिकाणी लिहिलेली असे. तीन आम्हाला सापडत, चौथी ग्राहकाला. मग रूल इंजिन, म्हणजे तक्त्यातले नियम वाचून निर्णय देणारं सॉफ्टवेअर, आलं आणि अंडररायटिंगची, म्हणजे विम्याचे अर्ज पारखणारी, माणसं स्वतःच तक्ता बदलू लागली. सकाळी बदल, दुपारी लाइव्ह. (युक्ती नवी नाही. अशा अनेक इंजिनांमागचा, नियम जुळवण्याचा ‘रीटी’ अल्गोरिदम चार्ल्स फोर्गी यांच्या 1979 च्या प्रबंधातला आहे.)

एकदा एका सहकारी बाईंनी तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून ओळी वर्णानुक्रमे लावल्या. ‘वय 60 किंवा जास्त : वैद्यकीय तपासणी हवी’ ही ओळ खाली गेली आणि शेवटची ‘इतर सर्व : तपासणी नको’ ही सगळ्यांत वर आली. आमचं इंजिन ‘पहिली जुळेल ती ओळ’ या पद्धतीनं चालायचं. दोन दिवस सत्तरीतले अर्जदारही तपासणीविना पुढे सरकले.

चूक बाईंची नव्हती. कोडमधला स्वल्पविराम हलवला तरी आमच्याकडे रिव्ह्यू होतो. तक्त्याला मात्र ‘तो काय, नुसता डेटा’ म्हणून सूट होती! असे निर्णयाचे तक्ते कसे मांडावेत याच्या डीएमएन या मानकात मूळ पद्धत ‘युनिक’ आहे, म्हणजे एका अर्जाला एकच ओळ जुळली पाहिजे. सोयीसाठी आम्हीच ती बदलली होती.

आता ‘युनिक’ परत आणली आहे. प्रत्येक तक्त्यासोबत 59, 60, 61 वयाचे नमुना अर्ज ठेवलेत; ते पास झाल्याशिवाय तक्ता लाइव्ह होत नाही. जुन्या आवृत्त्याही तारखेसह जपतो, कारण जुन्या पॉलिसीचा दावा जुन्याच नियमानं तपासावा लागतो.

परवा त्याच बाईंनी विचारलं, “या तक्त्यातलं 60 म्हणजे पूर्ण झालेलं की चालू?” इतक्या वर्षांत हा प्रश्न ना प्रोग्रामरला पडला होता, ना मला.

आपली,
एक वाचक