पहिल्या मताआधी, लेकाला

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, युद्धात कसली आलीय नीती? त्यांनी मारलं, आपण मारायचं. जो मारून दाखवेल त्याला मत." बाबांनी लगेच मेसच्या जेवणाचा विषय काढला. मीही तेव्हा काही बोलले नाही, कारण हे फोनवर घाईत उरकण्यासारखं नव्हतं. तुझं नाव आता मतदार यादीत आलंय. आयुष्यातलं पहिलं मत तू निव्वळ रागाच्या भरात द्यावंस असं मला वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझा राग खोटा नाही. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. लेकरांदेखत बाप मारले. असल्या क्रौर्याने ज्याचं रक्त उसळत नाही तो माणूसच नव्हे. पण नीती ही कुणी परदेशातून आणून आपल्या गळ्यात घातलेली नाही. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात संपेल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून दाणे, भाकरी, लाकूडफाटा ओरबाडून आणाल आणि रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदीर दिव्याची जळती वात पळवून नेईल आणि गंजी पेटतील, इतक्या बारीक गोष्टीचीही त्यात ताकीद आहे. चारी बाजूंनी शत्रू असताना या राजाला गवताच्या काडीचा आणि 'रयत काय म्हणेल' याचा विचार होता. तेव्हा तर निवडणुकाही नव्हत्या.

आता आपल्या लातूर जिल्ह्यातल्या औशाची गोष्ट. तू लहान होतास, पण ती सभा तुला आठवत असेल. १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यात दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. २६ तारखेला आपल्या हवाई दलाने बालाकोटवर हल्ला केला. आणि ९ एप्रिलला पंतप्रधान मोदींनी औशाच्या सभेत पहिल्यांदा मतदान करणाऱ्या पोरांना विचारलं, की तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या शहिदांना अर्पण होऊ शकतं का? प्रचारात लष्करी जवानांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने मार्चमध्येच सगळ्या पक्षांना बजावलं होतं. भाषणाची तक्रार झाली. आयोगाने १ मे रोजी आचारसंहितेचा भंग झालेला नाही असा निर्णय दिला. तिघा निवडणूक आयुक्तांपैकी अशोक लवासा यांचं मत मात्र वेगळं पडलं होतं.

सभेनंतर नवव्या दिवशी, १८ एप्रिलला, मतदान झालं. माझी ड्युटी होती, शाई लावायची. पहाटे उठून अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान उरकलं, मशीन सील केलं आणि सात वाजता पहिलं बोट समोर आलं. दिवसभर शेकडो बोटं धरली. तुझ्या आजच्या वयापेक्षा थोडीच मोठी पोरंही होती, कोऱ्या ओळखपत्रांची. एकाने छातीवर तिरंग्याचा बिल्ला लावला होता, शाई लावताना त्याचा हात थरथरत होता. तो आत गेला, मशीन 'पीं' वाजलं. आत त्याच्यासमोर उमेदवारांची नावं होती, चिन्हं होती. शहिदांचं बटण तिथे नव्हतं. मत कुणाला तरी पाच वर्षांसाठी संसदेत बसवतं. तो माणूस पुढे पीकविम्यावर, रेल्वेवर, उजनीच्या पाण्यावर तुझ्या नावाने बोलणार, किंवा मूग गिळून बसणार.

जवानांचंच म्हणशील तर त्यांना स्वतःचं मत असतं. सेवा मतदार म्हणून त्यांची यादी वेगळी असते आणि सीमेवरून टपाली मतपत्रिका येते. एकाच तुकडीतली दोन माणसं दोन वेगळ्या पक्षांना मत देत असतील. मग गेलेल्या जवानाचं मत अमुकच पक्षाला असतं, हे कुणी ठरवलं? त्याला विचारायची सोय उरलेली नाही, म्हणून त्याच्या नावाने मागणं सोपं जातं. मला हे मनापासून अनुचित वाटतं, मग मागणारा कुठल्याही पक्षाचा असो.

तुझा दुसरा मुद्दा असा, की जो संयम ठेवतो त्याला लोक भेकड म्हणून घरी बसवतात. तू इतिहास तपासून बघ. १९९९च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं आणि ते काळजीवाहू असतानाच कारगिल घडलं. विमानांनीसुद्धा नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा आदेश होता. त्यासाठी आपल्या पोरांनी समोरून गोळ्या झेलत उभे कडे चढून एकेक शिखर परत घेतलं. ५२७ जवान गेले. त्या संयमामुळे जग आपल्या बाजूने उभं राहिलं, पण त्याची किंमत कुणी चुकवली तेही विसरू नकोस. सप्टेंबर-ऑक्टोबरात मतदान झालं. भाजपच्या जागा आल्या १८२. त्याआधी १९९८मध्ये किती होत्या? १८२च. आघाडी मोठी झाल्याने सरकार भक्कम झालं हे खरं, पण युद्ध जिंकलं म्हणून त्या पक्षाच्या पदरात एकही जास्तीची जागा पडली नाही. आणि आपल्याकडे काय झालं बघ. महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्रच होत्या. मतदारांनी लोकसभेला शिवसेना-भाजप युतीला ४८पैकी २८ जागा दिल्या आणि त्याच खेपेला विधानसभेला युतीची सत्ता गेली. आपले विलासराव मुख्यमंत्री झाले. मतदाराला दिल्लीचा हिशेब वेगळा आणि मुंबईचा वेगळा ठेवता येतो. पुढारी त्याला उगाच भाबडा समजतात.

२६/११चं दुःख लातूरकरांना दुहेरी आहे. देशाचे गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर आणि राज्याचे मुख्यमंत्री विलासराव, दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. दोघांनाही पद सोडावं लागलं, राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबांनाही. इथे पुष्कळांना ते लागलं, मलाही वाईट वाटलं. पण माझ्या मते ते योग्यच झालं. १६६ माणसं गेल्यावर कुणीतरी 'माझी जबाबदारी' म्हणायलाच हवं. त्याच दिवसांत दिल्ली विधानसभेची निवडणूक होती. ताज अजून धगधगत होतं आणि दिल्लीच्या वर्तमानपत्रांत भाजपच्या जाहिराती झळकल्या, काळ्या पानावर रक्ताचे शिंतोडे, सरकार दुबळं आहे, दहशतवादाशी लढायचं तर आम्हाला मत द्या. २९ नोव्हेंबरला सकाळी ताज मोकळं झालं आणि त्याच दिवशी दिल्लीने मतदान केलं. शीला दीक्षित तिसऱ्यांदा निवडून आल्या. मनमोहन सिंगांनी पाकिस्तानवर हल्ला केला नाही. तो निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येईल. पण सहा महिन्यांच्या आत लोकसभेत काँग्रेस १४५वरून २०६वर गेली. हल्ला न केल्याबद्दल लोकांनी शिक्षा दिली असं त्या आकड्यांत तरी दिसत नाही.

उलट उदाहरणंही आहेत, ती मी लपवणार नाही. बालाकोटनंतर भाजप २८२वरून ३०३वर गेला. त्यात बालाकोटचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि सगळ्यात काळं उदाहरण काँग्रेसचं आहे. १९८४ला इंदिराजींची हत्या झाली, दिल्लीत सरकारी आकड्यांप्रमाणेच २७००हून जास्त शीख मारले गेले, आणि दोन महिन्यांच्या आत राजीव गांधींना ५१४पैकी ४०४ जागा मिळाल्या. भीती आणि सहानुभूतीच्या लाटेत त्या मुडद्यांचा जाब कुणी विचारलाच नाही. इतकं भरघोस बहुमत मिळाल्यावर सत्तेला न्याय करायची घाई तरी कशाला असेल?

तुला मला खरं सांगायचंय ते माद्रिदचं. ११ मार्च २००४, गुरुवार. सकाळच्या गर्दीच्या वेळी चार लोकल गाड्यांत दहा बॉम्ब फुटले, अतोचा स्थानकात आणि त्याच्या अलीकडच्या थांब्यांवर. १९०हून जास्त माणसं गेली. कामावर निघालेले, कॉलेजची पोरं, रोमेनिया आणि इक्वेडोरहून पोटासाठी आलेले मजूर. रविवारी राष्ट्रीय निवडणूक होती. मध्ये फक्त दोन दिवस.

पंतप्रधान अझ्नार यांनी इराक युद्धाला पाठिंबा देऊन सुमारे १३०० सैनिक पाठवले होते. ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने ते युद्ध झालं ती सापडलीच नव्हती. स्पेनमधली दहातली नऊ माणसं त्या युद्धाच्या विरोधात होती. आता बघ. बॉम्ब बास्क फुटीरांच्या 'एटा' संघटनेचे असले, तर कडक धोरणाच्या सरकारला मतं मिळणार. इस्लामी अतिरेक्यांचे असले, तर इराकचा जाब द्यावा लागणार. सरकारने त्याच दुपारी एटाचं नाव जाहीर केलं. अझ्नार यांनी संपादकांना स्वतः फोन केले. परराष्ट्रमंत्र्यांनी राजदूतांना तेच सांगायला कळवलं. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एटाचं नाव घेऊन निषेधाचा ठरावसुद्धा केला. आणि तिकडे अल्काला दे एनारेस स्टेशनाजवळ पोलिसांना एक व्हॅन सापडली होती. त्यात डिटोनेटर होते आणि कुराणपठणाची कॅसेट होती.

शुक्रवारी एक कोटीहून जास्त माणसं रस्त्यावर उतरली, सव्वाचार कोटींच्या देशात. ती दहशतीविरुद्ध उतरली होती, पण त्या गर्दीतून एक प्रश्न सारखा विचारला जात होता: "कुणी केलं?" शनिवारी प्रचारबंदी असताना लोक एकमेकांना एसएमएस पाठवून सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयांसमोर जमले, मतदानाआधी खरं कळलंच पाहिजे म्हणून. रविवारी ७५ टक्क्यांवर मतदान झालं आणि चाचण्यांत पुढे असलेला पक्ष हरला. समाजवाद्यांना १६४ जागा, सत्ताधाऱ्यांना १४८. त्यांचे नेते सापातेरो यांनी सैन्य इराकमधून परत आणलं.

पुष्कळ लोक म्हणाले, स्पेनने अतिरेक्यांपुढे गुडघे टेकले. मला ते पटत नाही. सैन्य परत आणायचं वचन त्यांनी बॉम्बच्या आधीच दिलेलं होतं. बॉम्ब फुटले नसते तरी हाच निकाल लागला असता असं मी म्हणणार नाही. बहुधा नसता लागला. पण लोकांनी भीतीपोटी सरकार बदललं असतं, तर शुक्रवारी ते घरात बसले असते. प्रेतांची ओळख पटायची बाकी असताना आपल्याला अर्धवट सांगितलं जातंय, याचा तो संताप होता. आणि अतिरेक्यांचं तेवढ्याने समाधानही झालं नाही. २ एप्रिलला माद्रिद-सेव्हिल रेल्वेमार्गावर आणखी एक बॉम्ब सापडला, दुसऱ्या दिवशी लेगानेसच्या एका घरात पोलिसांनी घेरल्यावर सात संशयितांनी स्वतःला उडवून दिलं आणि एक पोलीस गेला. सरकार बदललं म्हणून ते थांबणारे नव्हतेच.

गुन्हेगाराचं नाव घाईने ठरवलं की काय होतं, ते आपल्याला मुंबईत बघायला मिळालंय. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात बॉम्ब फुटले, १८०हून जास्त माणसं गेली. २०१५ला १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे, शेवट काय होईल तो होवो. पण एकोणीस वर्षांनी हा निकाल ऐकताना त्या लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल? मधल्या काळात किती निवडणुका झाल्या, किती भाषणं झाली. तपास नीट झाला का, हे मतं मागायला आलेल्या कुणालाही कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

नीतीचा आग्रह मी धरते तो एवढ्यासाठीच. शत्रूवर दया दाखव असं मी म्हणत नाही. पहलगामनंतर ७ मे रोजी आपल्या सैन्याने दहशतवाद्यांच्या तळांवर हल्ले केले, तेव्हा मलाही बरं वाटलं. पण हल्ल्याच्या दुपारी पहलगामच्या बैसरण कुरणात बंदोबस्त का नव्हता, हे सत्तेतल्या उमेदवाराला विचार. आणि तुम्ही असता तर काय वेगळं केलं असतंत, हे विरोधातल्याला विचार, मोघम उत्तर दिलं तर पुन्हा विचार. कुणी शहिदाचा फोटो लावून आला, तर त्या शहिदाच्या घरच्यांना विचारलंत का, असं तोंडावर विचार. मग ज्याचं उत्तर पटेल त्याला मत दे. कुणाला दिलंस ते मला सांगू नकोस.

मतदानाला गावी यायचंय, तुझं केंद्र आपल्या जिल्हा परिषद शाळेतच आहे. पुण्याहून त्या दोन दिवसांत एसटीला पाय ठेवायला जागा नसते, तारीख जाहीर झाली की आधी रिझर्व्हेशन कर. ओळखपत्र इथे कपाटातच आहे.

तुझी,
आई